केमिरेंबेचं वर्तुळ

फोर्ट पोर्टलच्या आमच्या केळी संशोधन केंद्रात केमिरेंबे आली, तेव्हा ही टिकेल असं मला वाटलं नव्हतं. बोलायची हळू, आणि कुणी घाई केली की अजूनच हळू. अब्वोली हे तिचं मानाचं नाव. सगळे त्याच नावाने हाक मारायचे. वाळरोगाने तिच्या आईची मटोक्याची, म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळीची, अख्खी बाग गेली, तेव्हा नर्सिंग सोडून तिने जीवशास्त्र आणि संगणक धरला होता.

त्या वर्षी केंद्रात नवे लॅपटॉप आले, नव्या जातीच्या प्रोसेसरचे. जुन्यावरचं सगळं तसंच त्यांच्यावर उतरवलं. बाकी कामं भराभर चालू लागली, पण चित्र काढणारा प्रोग्रॅम अडला. आमचं मटोके आणि वाळरोगाला दाद न देणारी एक रानकेळ, दोघांची गुणसूत्रं गोलाकार मांडून सारखे भाग रेषांनी जोडायचे होते. चालवायला गेलं की एकच ओळ उमटे: मिळालंय जुन्या प्रोसेसरचं, हवंय नव्याचं.

"अगं अब्वोली, जुन्या मशीनवर काढ ना," आमचे प्रमुख बागुमा म्हणाले. त्यांचं मानाचं नाव अराली.

"त्याला एवढी माहिती पेलत नाही, अराली. मध्येच मान टाकतं."

"मग या नव्यात दुभाष्या असतो म्हणे, जुने प्रोग्रॅम चालवणारा?"

"असतो. पण सगळंच जुनं असेल तर. इथे प्रोग्रॅम मी नवा घातलाय आणि रंग भरणारा तुकडा तेवढा जुना राहिलाय. दोघं एका ताटात जेवत नाहीत."

"म्हणजे भाऊबंदकी!" मी म्हटलं. ती हसली नाही.

जुना तुकडा काढून तिने नवा बसवला. तरी तीच ओळ. मग कळलं, जुन्या मशीनवरून आलेली आणखी एक प्रत एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये दडून होती आणि प्रोग्रॅम आधी तिलाच गाठत होता. तीही उपटली. आता एक भाग असा निघाला, की नव्या प्रोसेसरसाठी तयार असा तो कुठेच मिळेना. त्याचा मूळ कोड आणून तो तिने तिथल्या तिथे बांधायला घेतला. पडद्यावर ओळींमागून ओळी धावत राहिल्या. शेंगदाण्याची आमटी ताटात गार झाली.

"झालं," ती म्हणाली, इतक्या हळू की मला आधी ऐकूच आलं नाही.

पडद्यावर वर्तुळ उमटलं होतं. एका अर्ध्यात आमचं मटोके, दुसऱ्यात परकी रानकेळ, आणि मधून हजारो रेशमी रेषा. कुठल्या काळी वेगळी झालेली दोन झाडं अजून एकमेकांना धरून होती. एके ठिकाणी मात्र रेषांना पीळ पडला होता: गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा.

बागुमांनी चष्मा काढला. "तरीच या तुकड्यातला रोग न लागण्याचा गुण आमच्या संकरात उतरत नव्हता; उलटं-सुलटं जुळणार कसं? आणि आम्ही वर्षानुवर्षं हवामानाला दोष देत बसलो."

त्या आठवड्यात संकराची आखणी बदलली. रोपं अजून लहान आहेत, काय होतं ते बघायचं.

रविवारी केमिरेंबेने छापलेलं चित्र घरी नेलं; मीही सोबत होते. तिच्या आईने आधी हात धुतले, पुसले, मग कागद घेतला.

"एवढं सगळं एका केळीत?"

"तिच्या प्रत्येक कणात, आई."

जिथे बाग होती त्या मागच्या मोकळ्या जमिनीकडे आई बघत राहिली. "आणि रोग दिसला की मी तिला नुसती कापत होते," ती म्हणाली.