न हलणारी गादी

गुंडा मेटकरी झोपतात कसे, हे त्यांना सत्तरी उलटेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं. माणूस दमला की झोपतो आणि मेंढरं उठली की उठतो, एवढंच ते प्रकरण होतं. सोलापुरात होटगी रोडवरच्या गाद्यांच्या दुकानात मात्र संगप्पा नावाच्या विक्रेत्याने, गळ्यात ओळखपत्र अडकवून, तो प्रश्न त्यांना तोंडावर विचारला.

"आजोबा, तुम्ही कुशीवर झोपता, पाठीवर, का पोटावर?"

गुंडाआबांना प्रश्न अर्धाच ऐकू आला, आणि जेवढा आला तेवढा चारचौघांत उत्तर देण्यासारखा वाटला नाही. त्यांनी मान डोलावली. संगप्पाने आपल्या मनाने काय ते समजून घेतलं.

मान डोलावणं हा आबांचा जुना हातखंडा. मंगळवेढ्याच्या पलीकडे त्यांचं गाव, आणि तिथे त्यांच्या शहाणपणाचं मोठं नाव होतं. भावकीच्या बैठकीत सगळे एकमेकांच्या अंगावर जात, आबा तेवढे शांत बसून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत आणि शेवटी मान डोलावत. माणूस तोलून मापून बोलतो, असं लोक म्हणत. खरी गोष्ट अशी की त्यांना ऐकू कमी येत होतं. समोर बसून बोललं तर निभायचं. पाठीमागून हाक मारली तर नाही, आणि डोकं उशीला टेकल्यावर तर ढोल वाजला तरी नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मेंढक्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याच्या हाती मेंढरं कोण ठेवील?

आणि मेंढरं राखायला कान लागतात असं त्यांना कधी वाटलंही नाही. माळावर तळ पडला की ते घोंगडं अंथरून पाठीवर, सपाट झोपत. लांडगा आला, कळप बिथरला की शेकडो खुरं एकदम जमिनीवर आपटतात आणि ते पाठीला कळतं. एखादी मेंढी व्यायला झाली असली की तिच्या मागच्या पायाला लोकरीचा धागा बांधायचा आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. ती उठली की आपण उठलो. त्यांच्या बापाने असंच केलं होतं, त्याच्या बापानेही.

या सगळ्या व्यवस्थेत एकच गोष्ट बसत नव्हती, ती म्हणजे केराबाई. त्यांची बायको. अंगाने काटकुळी, चालली तर मातीलाही कळणार नाही. तिला साखरेचा आजार जडला, आणि एका रात्री साखर खाली जाऊन ती अंगणात पडली. आबा शेजारीच झोपले होते. सकाळी उठून बघतात तर ही अंगणातल्या चुलीजवळ आडवी, ओठ पांढरे पडलेले. वाचली. पण आपण राखणदार असताना हे झालं, हे आबांच्या मनातून गेलं नाही. महिन्याभरात त्यांनी कळप विकला आणि दोघं सोलापुरात मुलाकडे राहायला आली.

मुलगा जोतिराम वीज कंपनीत कारकून, सून राजनंदिनी शाळेत शिक्षिका. त्यांनी म्हाताऱ्यांना आतली खोली दिली आणि एक लोखंडी पलंग दिला. पलंग जुना होता. चारही पाय चार मतांचे होते. कुशीवर वळलं तरी कुरकुरायचा, आणि उठून बसलं तर असा हादरायचा की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. जोतिरामला त्याची लाज वाटायची. आबांना मात्र तो पलंग मनापासून आवडला होता. रात्री केराबाई उठली की पलंग हादरे, आबा जागे होत, ती परत येईपर्यंत बसून राहत. साखर खाली गेलीशी वाटली तर बंडीच्या खिशातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घालत. दिवसभर त्यांना शहरात काही काम नव्हतं. गॅलरीत बसून ते थोडी लोकर कातत, सुनेने दिलेला चहा पीत आणि रस्ता बघत. राखणीचं हे एवढंच काम उरलं होतं, आणि ते ते नीट करत होते.

मग केराबाईची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, गादी बदला. म्हणून रविवारी सगळे दुकानात.

संगप्पा गादीवर थाप मारून म्हणाला, "ही हायब्रीड घ्या. खाली स्प्रिंगा, वरती फोम. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आत जातो, कंबर सरळ राहते. पाठीवर झोपणाऱ्याला खालनं आधार. दोघांच्या दोन सवयी असल्या तरी एकाच गादीत भागतंय."

हायब्रीड म्हणजे आबांना ज्वारी ठाऊक होती, आणि तिच्या भाकरीला त्यांच्या घरात कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं. पण संकर ही गोष्ट त्यांना कळत होती. माडग्याळी नर आणि गावठी मेंढी यांचं कोकरू उंच निघतं. गादीचं तसंच काही असेल, असा विचार करून त्यांनी तिला फार नावं ठेवली नाहीत. गादीच्या कडेला हात घालून, अंगाला हात लावून जनावर बघतात तशी त्यांनी ती दाबून बघितली. तब्येत बरी होती.

"आणि मेन गोष्ट आता बघा," संगप्पा म्हणाला. त्याने गादीच्या एका बाजूला पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला आणि दुसऱ्या बाजूला स्वतः धपकन बसला. पाणी हललं नाही. तो उठला, पुन्हा बसला. पाणी जागच्या जागी. "एकेक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत आहे. शेजारचा माणूस उठून गेला, परत येऊन झोपला, तरी तुम्हाला पत्ता लागत नाही."

राजनंदिनी खूश झाली. जोतिरामने स्वतः बसून बघितलं. आबा ग्लासाकडे बघत राहिले.

"दुसरी दावा," ते म्हणाले.

संगप्पाने दुसरी दाखवली. ती आणखी भारी होती, म्हणजे आणखी कमी हलत होती. तिसरीवर ग्लास ठेवून तो चक्क उभा राहिला. पाण्याला काही सोयरसुतक नव्हतं.

"हालणारी न्हाय का?" आबांनी विचारलं.

संगप्पाच्या धंद्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. तो जोतिरामकडे बघू लागला. तेवढ्यात आबांना कोपऱ्यात, भिंतीशी टेकवून ठेवलेली एक जुनी गादी दिसली. कुणीतरी बदलीत दिलेली, आतल्या स्प्रिंगांनी सगळ्यांशी फारकत घेतलेली. आबांनी ती आडवी करायला लावली, स्वतः तिच्यावर पाठ टेकून सपाट झोपले, छातीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

"आता तू बस अन् ऊट," ते बायकोला म्हणाले.

केराबाई बसली, उठली. आबा चांगले वीतभर वर उडाले. त्यांचा चेहरा खुलला.

"ही द्या."

जोतिरामचा चेहरा पडला. आबा आपल्या पैशाचा विचार करतायत, असं त्याला वाटलं, आणि दुकानात बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. "आबा, किमतीकडं बघू नका. आईची कंबर बघा की."

"ही लई झ्याक हाय."

"ही विकायची नाही, आजोबा," संगप्पा म्हणाला. "टाकून द्यायची आहे."

आबा उठून बसले. खरं काय ते सांगावं, असं क्षणभर त्यांच्या जिभेवर आलं. पण सांगितलं असतं तर जोतिरामने दुसऱ्याच दिवशी आईचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं असतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं. मग आबांनी रात्री करायचं काय?

इकडे केराबाई पहिल्या हायब्रीड गादीजवळ जाऊन उभी राहिली होती. तिने तळहाताने गादीवर जोरात एक चापट मारली. मग दुसरी. ग्लासाकडे बघितलं. मग टाचेने एक दणका दिला.

"आजी, कितीही मारा, काही होत नाही," संगप्पा अभिमानाने म्हणाला.

केराबाई विचारात पडल्यासारखी दिसली. पण सून म्हणाली, "आई, पडून तरी बघा," म्हणून ती चपला काढून कुशीवर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन. आबा बघत होते. गेले कित्येक महिने ती कमरेखाली हाताची मूठ घालून झोपायची. आताही मूठ तिथे गेली. थोड्या वेळाने, काही कारण उरलं नाही तशी, ती बाहेर आली आणि गादीवर उघडी पडली. केराबाईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती झोपली नव्हती, पण झोपेल असं दिसत होतं. इतके दिवस ती दुखण्यावर झोपत होती आणि आपण पलंग हलतो म्हणून खूश होतो, हे त्यांना फार लागलं.

"हीच द्या," ते म्हणाले आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी गादी टेम्पोतून घरी आली. तिच्याबरोबर नवा लाकडी पलंगही आला, तोही मुका. लोखंडी पलंग भंगारवाला घेऊन गेला. आबा त्याला पोचवायला खालच्या फाटकापर्यंत गेले.

त्या रात्रीपासून आबांनी जुनी रीत सुरू केली. केराबाईचा डोळा लागला की ते उशीखालून काळ्या लोकरीचा धागा काढत, एक टोक तिच्या घोट्याला हलकेच बांधत, दुसरं आपल्या अंगठ्याला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सोडून ठेवत. धागा ओढला गेला की ते उठत, धागा सोडत, बसून राहत, लागला तर गूळ देत. केराबाई काही विचारत नव्हती. घोट्याला ओढ बसल्यावर ही कसली ओढ, हा विचार तिच्या मनात येत नसेल का, हे आबांनी मनात आणलं नाही. काम चाललं होतं.

मग एका सकाळी आबांना उशिरा जाग आली. राजनंदिनी चहा घेऊन आत आली तर सासू-सासरे गाढ झोपलेले, आणि दोघांच्या पायांमध्ये काळा धागा. तिला आधी वाटलं कुणाची तरी दृष्ट काढली असेल. तिने जोतिरामला बोलावलं. जोतिराम दारातून म्हणाला, "आबा." मग मोठ्याने म्हणाला. मग पलंगाशी येऊन कानाजवळ ओरडला. केराबाई उठून बसली. आबा उठले नाहीत. जोतिराम वीज कंपनीत होता, तार कुठे तुटली आहे हे त्याला एवढ्यावर कळलं.

चहाच्या वेळी सगळं बाहेर निघालं. अंगणातली ती रात्र, पलंग, दुकानातला हट्ट. आबांनी समोर बसून सगळं कबूल केलं आणि खाली बघितलं.

जोतिराम रागावला नाही, हेच वाईट होतं. तो हळूच, तोंड आबांसमोर धरून, नीट उच्चार करत बोलला. "आजपास्नं आई राजनंदिनीजवळ झोपंल. मी तुमच्याजवळ झोपतो."

"दोरी हाय की," आबा म्हणाले.

"आणि दोरी सुटली तर?"

केराबाईने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"सुटली हुती," ती म्हणाली. "परवा. ह्यांची गाठ लई सैल."

"मग?"

"मग काय. मी उटले, बगितलं तर धागा सुटल्याला. पुन्ना बांदला आन् वडला. उटलं की हे."

आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"हातानं हालवून उटवायचं की, आई," जोतिराम म्हणाला.

"तसं उटवलं की त्यास्नी वाटतंय, आपुन झोपलो हुतो. दोरीनं उटलं की वाटतंय, आपुन राखण केली." तिने लुगड्याचा पदर सावरला. "त्यो पलंग तरी आपला आपण हालत हुता व्हय? माज्यासारखीच्या वजनानं? मी लाथ घालायची. ह्या गादीला लाथ लागू पडत न्हाय. तितं दुकानातच मी बगितलं. मला घोर लागला हुता, पर ह्यांनी दोरी काडली. मी न्हाय कुटं झोपायला जाणार. हितंच झोपणार."

जोतिरामने बायकोकडे बघितलं. राजनंदिनीने कप गोळा केले आणि सांगितलं की ती कानाच्या डॉक्टरची वेळ घेईल, बाकी त्यांचं त्यांनी बघावं. विषय संपला.

आबा दिवसभर गॅलरीत बसून होते. त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा ते जेवले आणि परत तिथेच येऊन बसले. ज्याला आपण राखण समजत होतो ती दुसऱ्याची राखण होती, हे पचायला वेळ लागतो. हातात चाती होती. ते सूत कातत राहिले, एकाला दुसरा पदर घालून पीळ देत राहिले, आणि दिवस कलेपर्यंत रोजच्या धाग्याच्या दुप्पट जाड, चांगली मेंढीला पेलेल अशी दोरी तयार झाली.

रात्री केराबाई कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि नेहमीप्रमाणे झोपेचं सोंग केलं. आबांनी तिच्या खांद्याला हात लावून तिला उठवलं. दोरी तिच्या हातात दिली आणि आपला पाय पुढे केला.

"तू बांद," ते म्हणाले. "माजी गाठ सैल बसती."