चमच्याने कालवलेली कोशिंबीर

१७ नोव्हेंबर १९९४. अमरापुरातल्या एका विणकामाच्या शेडमध्ये अकरा जीव होते: दहा मागांवर, एक रंगाच्या कढईपाशी.

कढईपाशी चिन म्या होती. वय पन्नाशीचे. एके काळी तीही मागावर बसे, आणि दुपारी चटईवर डबे उघडले की तिने कालवलेल्या आल्याच्या कोशिंबिरीवर सर्वांचे हात पडत. मग जुनी रंगारीण वारली. कुणाला तरी कढई सांभाळणे भाग होते. चिन म्याने सांभाळली. वर्षभरात तिचे तळवे काळेनिळे झाले, बोटांना भेगा पडल्या. एका दुपारी कुणीतरी नाक मुरडून म्हणाले, "रंगाचा वास येतोय हिच्या हाताला." दुसऱ्या दिवसापासून ती चमच्याने कालवू लागली. याला बारा वर्षे झाली. तिचा डबा रोज अर्धा परत जाई.

चार महिन्यांपूर्वी न्वे ऊ ही तरुण सासुरवाशीण मागावर आली. ती चटईवरच कच्च्या टोमॅटोच्या फोडी, कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि भाजलेले बेसन एकत्र करी, वर कांदा तळलेले तेल ओती, आणि पाचही बोटांनी हलकेच कालवी. मग बोट चाखून चिमूटभर मीठ घाली.

त्या दुपारी मा प्यू, मागांवरची सर्वांत जुनी बाई, मिटक्या मारत म्हणाली, "हिच्या आईनं हिचा हात तेलात तळूनच काढला असणार! चिन म्या, घे की गं. का नुसती बघून आमच्या न्वेला दृष्ट लावतेस?"

सगळ्या हसल्या. बारा वर्षांपूर्वी हाताचे हेच कौतुक, याच तोंडून, चिन म्याने स्वतःविषयी ऐकले होते.

"खा, पोटभर खा," ती शांतपणे म्हणाली. "अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हगणं-मुतणं ही पहाटे काढते ना, तोच हात आहे तो."

यात खोटे काहीच नव्हते. प्रत्येकीने घरी कुणाचे ना कुणाचे तेच केले होते. तरीही चटईवरचे हात एकेक करून मागे सरले.

"साबणानं धुते मी, मावशी," एवढेच न्वे ऊ म्हणाली, आणि तिने डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने घरून चमचा आणला. जिन्नस तेच, प्रमाण तेच. चिन म्याने, कुणी पाहत नाही असे पाहून, एक घास घेतला. मीठ एका कडेला, बेसन दुसऱ्या कडेला, फोडी कोरड्याच. ही चव तिच्या ओळखीची होती. बारा वर्षे ती हेच खात आली होती. जिंकल्यासारखे तिला काहीच वाटले नाही. जो चमचा शेडने आपल्या हाती दिला, तोच आपण दुसरीच्या हाती दिला, हे मात्र तिला लख्ख कळले.

तंटा झाल्यावर मुरवलेली चहाची पाने पुढे करायची, समोरच्याने ती खाल्ली की तंटा संपला, ही तिथली जुनी रीत. तीन दिवसांनी चिन म्याने लाखेचा कप्प्यांचा डबा आणला: मधे पाने, भोवती तीळ, तळलेला लसूण, शेंगदाणे. तो तिने न्वे ऊपुढे सरकवला. माफीचे बोलायचे ठरवून आली होती. पण ती तीळ-लसणाचे कप्पेच सारखे करत राहिली.

न्वे ऊने चिमूटभर पाने तोंडात टाकली. "मिटलं, मावशी."

"मग हातानं कालव की गं आता."

"नको. चमच्याची सवय झालीय."

मा प्यूने सुटकेचा निःश्वास टाकला, "चला, झालं एकदाचं!" म्हणत लसूण उचलला, आणि सगळ्या जेवू लागल्या.

रीतीप्रमाणे तंटा संपला. त्या वाक्याची माफी चिन म्याने अजून मागितलेली नाही.