सुई नवी होती

खाकी उतरवून तीन वर्षं झाली, पण न्हावऱ्याच्या त्या खानावळवाल्या बाईंचा एक प्रश्न अजून माझा पिच्छा सोडत नाही.

मी तेव्हा शिरूरला होतो. न्हावरे गावातल्या नऊ जणांच्या रक्तात यकृत पोखरणारा विषाणू सापडला होता. एकट्या राहणाऱ्या या बाईंना तो फार आधीपासून होता, हे सगळ्यांना ठाऊक.

"बोट कापून पिठात रगात मिसळती सायेब. बघितलंय लोकांनी," एक आप्पा ठाण्यात येऊन म्हणाले. कोणी बघितलं, ते मात्र सांगेनात.

अन्नातून हा आजार होत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी मी गुन्हा नोंदवला. यात्रेच्या बंदोबस्तात मीही बाईंकडे जेवलो होतो आणि आप्पांचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

चौकशीत बाई रडल्या नाहीत. दहाही बोटं टेबलावर पसरून म्हणाल्या, "बघा, कुठलं कापलंय?" एकावरही व्रण नव्हता.

नऊ जणांचे आणि बाईंचा, असे रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. भीतीपोटी माझाही दिला. जनुकांच्या जुळणीचा अहवाल आला: नऊ जणांचा विषाणू एकाच घराण्यातला, बाईंचा भलत्याच. अकरावा नमुना मात्र त्या नऊ जणांचा सख्खा भाऊ निघाला. तो माझा होता.

"नातं कळतं," तिथले तज्ज्ञ म्हणाले. "कोणी कोणाला दिलं, ते तुम्ही शोधायचं."

बंदोबस्तात मला ताप आला होता. दुचाकीवरून फिरणाऱ्या एका कंपाउंडरने इंजेक्शन दिलं होतं. नऊही जणांकडे चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच नाव आणि एकच वाक्य, "सुई नवी व्हती, पाकीट आमच्यासमोर फोडलं." माझ्यासमोरही फोडलं होतं.

आता मीच साक्षीदार झालो, म्हणून तपास दौंडच्या अधिकाऱ्याकडे गेला. कंपाउंडरचा जबाब मी नंतर वाचला. "सुई दरवेळी बदलायचो. सिरिंज कशाला बदलायची? ती कुठं अंगात जाती?" टोचल्यावर रक्ताचा अंश सुईतून मागे सिरिंजमध्ये येतो, आणि त्याच सिरिंजने तो औषधाच्या मोठ्या बाटलीतून पुढचा डोस काढायचा. जप्त केलेल्या अर्ध्या बाटलीत तोच विषाणू सापडला.

गोळ्यांनी मी बरा झालो. बाईंवरचा गुन्हा रद्द झाला, हे सांगायला मी स्वतः गेलो. खानावळीत गिऱ्हाईक नव्हतं.

"तुमालाबी झालता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग कुनाकडनं आनला, आसं कुनी इचारलं का तुमाला?"

एकानंही विचारलं नव्हतं.

अफवेवर गुन्हा नोंदवू नये, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवायचो. त्या दिवशी मान खाली घालून बाकावर बसलो आणि भाकरी मागितली. बाईंनी चूल पेटवली, परात पुढ्यात ओढली.

अहवाल माझ्या खिशात होता. तरी त्या पीठ मळत असताना मी त्यांची बोटं बघत होतो. त्यांनी ते पाहिलं, आणि हात जरा उजेडात धरून मळू लागल्या.