काचेतलं पाणी

लोखंड तासायचं लेथ चालू असलं की दयाचा जीव खालीवर व्हायचा, आणि बंद झालं की त्याहून जास्त. चालू असताना निदान आवाज येत असे. म्हणजे जॉय उभा आहे, काम करतो आहे. मध्येच शांत झालं की ती पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या शेडपाशी जाई.

"चहा टाकू का?"

भर दुपारी बारा वाजता चहा कोण पितं! जॉयला कळायचं. तो हसून डावा हात वर करायचा. अंगठा आणि दोन बोटं.

"आहेत तेवढी जागेवर आहेत, मम्मी. जा तू."

ती जायची, पण काळजी काही तिथून हलत नसे.

जॉय हा दयाचा आणि यशयाचा एकुलता मुलगा. बेलापुरातलं त्यांचं घर तसं कागद-पेनवाल्या माणसांचं. यशया शुगर फॅक्टरीत टाइमकीपर होता, दया शाळेत इतिहास शिकवायची. घरात बायबलच्या चार प्रती सापडल्या असत्या, पण पाना-पक्कड एक नाही. बल्ब बदलायचा तरी शेजारच्या गोरक्षला हाक जायची. अशा घरात हा मुलगा सायकलच्या चाकातले छर्रे रॉकेलमध्ये धूत बसायचा. दहावीला चांगले मार्क पडले, तरी आयटीआयला लेथवरचा टर्नर व्हायला गेला. दयाने अबोला धरला. मग एके दिवशी त्याने स्वतः तासलेला पितळेचा भोवरा आणून तिच्या टेबलावर फिरवला. उत्तरपत्रिकांच्या शेजारी तो इतका निश्चल फिरत राहिला की फिरतोय हेच कळेना. दयाच आधी बोलली.

पुढे तो एका कंपनीत लागला. एका दुपारी मोठे साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवायला घेऊन आले. नेमकी तेव्हाच जॉयच्या मशीनवर लोखंडाची कुरळी कात्रणं गुंडाळायला लागली. अशा वेळी आधी मशीन थांबवायचं, मग हात घालायचा, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पण एवढ्या लोकांसमोर मशीन कसं थांबवायचं? त्याने चालत्या मशीनमध्ये हात घातला. हातमोजा अडकला आणि दोन बोटं गेली.

"लाज वाटली गं," एवढंच तो दवाखान्यात म्हणाला होता.

दयाला खरी भीती यंत्राची नव्हतीच. तिला भीती होती ती या लाजेची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात; दयाच्या मते ती यमाचीही कोणीतरी लागत होती.

घरी आल्यावर जॉय कितीतरी महिने नुसता बसून होता. मग शेवगावचं एक वर्कशॉप बंद होत असल्याचं कळलं, आणि तिथलं जुनं लेथ टेम्पोत घालून त्याने घरी आणलं.

"आता काय करणार याचं?" दयाने विचारलं.

"इंजिन. वाफेचं. टेबलावर मावेल एवढं."

"कशासाठी?"

"हात काय म्हणतो ते बघायला."

हात आधी नाहीच म्हणाला. जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, धरायला गेलं की निसटायचा. एक पिस्टन जास्त तासला गेला, दुसरा तिरका झाला. मग जॉयने हाताची जागाच बदलली. बोटांनी धरायचं ते तळव्याने रेटून धरायला शिकला. बिडाचं चाक झालं, पितळेचं सिलिंडर झालं, तांब्याच्या जाड नळीचा उभा बॉयलर झाला. बॉयलरच्या सांध्यांना चांदीचा डाख देऊन त्याने आत गार पाणी भरलं आणि पंपाने दाब चढवत नेला. तळाच्या सांध्यावर पाण्याचा मोती दिसला. दया म्हणाली, "एवढंसं तर आहे!" जॉयने सांधा पुन्हा तापवायला घेतला.

याच सुमारास दोन बोलावणी आली. श्रीरामपूरला आबासाहेबांची शेड होती, साखर कारखान्यांचे सुटे भाग करणारी; त्यांना लेथवर माणूस हवा होता. आणि पुण्याहून दयाचा भाऊ शमुवेल याने एका शाळेच्या ऑफिसात जॉयसाठी खुर्ची ठरवून ठेवली होती. "ताई, रविवारी नक्की सांग," तो म्हणाला होता. दयाचं मन पुण्याकडे होतं. खुर्चीत बसून बोटं तरी शाबूत राहतील.

जॉय म्हणाला, "रविवारी इंजिन चालवतोय. ते बघ, मग ठरवू. तू पुणे म्हणालीस तर पुण्याला जाईन."

रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात टेबल मांडलं. गल्लीतली दहा-पंधरा माणसं जमली. गोरक्ष हार आणि नारळ घेऊन आला.

"अरे, आमच्यात नारळ नसतो," यशया म्हणाला.

"तुमच्यात नसू द्या. इंजिनाला कुठं जात हाय?" असं म्हणत त्याने पायरीवर नारळ फोडलाही.

जॉयने बर्नर पेटवला. थोड्या वेळाने दाबाचा काटा हलला. तेवढ्यात यशया डोळे मिटून उभा राहिला, म्हणून सगळेच उभे राहिले. यशयाची प्रार्थना म्हणजे आब्राहामापासून सुरुवात. इस्राएल लोक समुद्र ओलांडून येईपर्यंत बॉयलरच्या माथ्यावरची झडप फुसफुस करून जादा वाफ सोडायला लागली होती. "आणि हे इंजिन तू चालवलंस म्हणून, हे पित्या, आम्ही तुझे आभार मानतो, आमेन."

"आमेन. चालवा आता जॉयराव," गोरक्ष म्हणाला. "लई दिस ठोकाठोकी ऐकतोय आमी. कुकर हाय का इंजिन, ते तरी कळू द्या."

सगळे हसले. कोणीतरी मोबाईल वर धरला. जॉयने वाफेच्या चावीला हात लावला आणि तिथेच थांबला. तो बॉयलरच्या अंगच्या काचेच्या नळीकडे बघत होता. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी अर्ध्यावर होतं.

"काय झालं?" दयाने विचारलं.

"मघाशीही एवढंच होतं."

"मग चांगलंच की."

"इतकी वाफ गेली, मम्मी. पाणी उतरायला हवं होतं. निदान हलायला तरी."

"वत की मग वरून तांब्याभर!" गोरक्ष म्हणाला.

"तापल्या तांब्यावर गार पाणी नाही ओतायचं, काका."

"अरे मग चालव तरी! नारळ फुटलाय. आता थांबवलं तर अपशकुन व्हतो, येड्या."

जॉयने मान वर केली. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याचे कान लाल झालेले दयाला दिसले. लहानपणापासून ती हे लाल कान ओळखत होती, आणि त्यापुढे काय होतं तेही. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

जॉयने बर्नरची चावी फिरवली. ज्योत विझली.

"आज नाही," तो म्हणाला. "जरा लांब उभे राहा सगळे. गार होऊ द्या."

"हात्तिच्या!" मोबाईलवाला म्हणाला. माणसं नारळाचा एकेक तुकडा घेऊन पांगली. यशया तेवढा मागे राहिला.

"मी आता देवाला काय सांगू? आभार मानून झाले."

"ते पुढच्या खेपेला धरायला सांगा, पप्पा. आणि पुढच्या खेपेला आब्राहाम जरा वगळा."

बॉयलर पुरता गार झाल्यावर जॉयने काचेची नळी सोडवली. तिच्या खालच्या भोकात पांढऱ्या टेपचा तुकडा बसला होता. सांधा गळू नये म्हणून त्यानेच गुंडाळलेल्या टेपचा. नळीतलं पाणी तिथेच कोंडलं होतं. मग त्याने बॉयलर पातेल्यात ओतला. दया वाट बघत राहिली, पण पातेल्याचा तळही नीट भिजला नाही. आणखी थोडा वेळ आग राहिली असती तर बॉयलर कोरडा तापला असता, चांदीचे सांधे सुटले असते. हे जॉय तिला आमटीला मीठ कमी पडल्याच्या सुरात सांगत होता. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या गालात होता.

दया पायरीवर बसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत पोचल्यासारखं वाटत होतं.

"सगळे बघत होते," ती म्हणाली.

"हो ना."

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. पण आधी गॅस बंद केला, मग वाटली."

तिला एकदम हसू आलं. हसता हसता डोळे भरले, तसे तिने ते पदराने पुसले. जॉय टाचणीने भोकातला टेप काढण्यात गुंतला होता. अंगठा, दोन बोटं आणि तळवा, सगळे मिळून ती नळी अलगद धरून होते. आपण आत्ता त्या हाताकडे बघतोय आणि काळजी वाटत नाहीये, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"आबासाहेबांची शेड किती वाजता उघडते रे?" तिने विचारलं.

जॉयची टाचणी थांबली. "आठला. का गं?"

"डबा किती वाजता करायचा, ते कळायला."

ती आत गेली. फोन खिडकीत चार्जिंगला लावला होता. शमुवेलने त्या खुर्चीसाठी चार लोकांकडे शब्द टाकला होता, त्याला नाही म्हणणं जिवावर येणार होतं. शिवाय रविवारचा तो जेवून आडवा झालेला असतो. उठवलं की चिडतो.

चिडू दे, असं म्हणून तिने त्याचा नंबर काढला.