वेणूवहिनींचे डेन्मार्कचे भावजी

खरवईच्या चाळीत राहून डेन्मार्कच्या सरदाराची काळजी करणारं जोडपं मी एकच पाहिलं. धर्मराज अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर, स्टोअरचा क्लार्क. शहाऐंशी साली उल्हासनगरच्या रद्दीतून त्याने एक इंग्रजी पुस्तक आणलं, साडेतीनशे वर्षांपूर्वी राजदूत म्हणून गेलेल्या त्या सरदाराचं चरित्र. त्याच्या बायकोची, वेणूवहिनींची किडनी तेव्हा बिघडली होती, अंथरूण सुटत नव्हतं. करमणूक म्हणून धर्मराज रोज संध्याकाळी डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन पानं मराठीत सांगायचा.

राजाने सरदाराला तहाच्या बोलण्यांसाठी मॉस्कोला धाडलेलं. घरी बायको चार लेकरं घेऊन वाट पाहतेय. वहिनींनी सरदाराला भावजी करून टाकलं. पुस्तकात भावजींचं धाकटं पोर तापाने गेलं, तेव्हा वहिनी दोन दिवस धड जेवल्या नाहीत. भावजींना कुणी कळवलं का, एवढंच विचारत होत्या.

मग भावजी परत निघाले, बर्फात अडकले आणि पुस्तक संपलं. पुढचं फाडलेलं! रद्दीवाला निवांत होता. "साईं, मोठी किताब आम्ही दोन करतो. अर्धी तुला दिली, अर्धी भजीवाल्याला."

धर्मराजने उल्हासनगर कॅम्पातले सगळे भजीवाले पालथे घातले. भजी खाल्ली, पुड्या उलगडल्या. हाती लागले दहावीचे पेपर आणि पोटदुखी.

इकडे वहिनींना इस्पितळात ठेवावं लागलं, आणि मग डॉक्टरांनी आता घरीच न्यायला सांगितलं. त्या रोज एकच विचारत, भावजी पोचले का. शेवटी एका रविवारी धर्मराजने जुनंच पान उघडलं आणि भावजींना घरी आणलं. स्टोअरच्या वहीत एक खिळा जास्त न लिहिणारा हा माणूस. त्याने बर्फ वितळवला, घोडे बदलले, बायको-लेकरं दारात उभी केली.

"मग ती काय म्हणाली?" वहिनींनी विचारलं.

ते मात्र त्याला रचता येईना. तो नुसती पानं उलटत राहिला. वहिनी बघत होत्या.

"मिटा आता पुस्तक," त्या म्हणाल्या. "म्हणाली असेल, किती वाळलात. हातपाय धुऊन घ्या. दुसरं काय म्हणते बाई?"

शुक्रवारी त्या गेल्या.

चार वर्षांनी तेच पुस्तक मला दादरला अख्खं दिसलं. सोमवारी कारखान्यात धर्मराजला म्हटलं, घेऊन ठेवू का? त्याने पेनाला टोपण लावलं.

"नको," म्हणाला. "पोचले नसतील तर ते मी एकट्याने कसं ऐकू?"