तसबिरीचा खिळा

इतकी वर्षं झाली, तरी तो खिळा आठवला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, सोड आता. का सोडू? सोडायला तो काही माझ्या बापाच्या घरचा खिळा नव्हता.

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या लिलावातून आमच्या संस्थेने मोटारीमागे जोडायचा एक बंद ट्रेलर घेतला. चारी बाजूंनी पत्रा, मागे दोन दारं, खिडकी नावालाही नाही. त्याचा फिरता दवाखाना करायचं ठरलं. मी लोणावळ्याला संस्थेची नर्स होते आणि मावळातल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत ते मला पुरतं ठाऊक होतं. दवाखान्यात येणारा-जाणारा डोकावतो. या गाडीची दारं लावली की चिटपाखरूसुद्धा आत बघू शकत नव्हतं. मला ती गाडी त्यासाठीच हवी होती.

पण दारं लावली की भर दुपारी आत मिट्ट काळोख. म्हणून दिवे बसवायचे. गॅरेजच्या मिस्त्रीने मोटारीच्या बॅटरीवरून वायर ओढली आणि छताला चक्क सुतळीने बांधून टाकली. "चालतंय की बाई," म्हणाला. मी म्हटलं, डोंबल चालतंय. ही गाडी बैलगाडीच्या रस्त्याने जायची आहे, दोन धक्क्यांत वायर माझ्या गळ्यात येईल. सगळी सोडायला लावली. मग तोंड वाकडं करत त्याने खाचा पाडलेल्या सागवानी पट्ट्या आणल्या, स्क्रूने पत्र्याला आवळल्या, खाचांत वायर बसवली आणि वरून लाकडाचंच झाकण ठोकलं. मी हाताने ओढून पाहिलं. काही हललं नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

उद्घाटन कार्ल्याला होतं. निघायच्या आधी चिटणीस देणगीदारांची तसबीर घेऊन आले. जाड चौकट, काच, वर झेंडूचा भला मोठा हार. पत्र्यात काही केल्या खिळा शिरेना. आणि आपल्या माणसांना भिंतीवर लाकूड दिसलं की हात शिवशिवतात. छत्रीला खुंटी हवी, कोटाला हवी, देवाला हवी, मग देणगीदाराला नको? चिटणिसांची नजर माझ्या पट्टीवर गेली.

"तिथे नको, आत वायर आहे," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही तुमच्या औषधांचं बघा," म्हणाले, आणि ठोकला. वर दिवा लावून मला दाखवला. लागला की, बघा. मी कंदील बरोबर घेत होते, तोही त्यांनी खाली ठेवायला लावला. नव्या गाडीत कंदील शोभत नाही म्हणे.

कार्ल्याला मांडव पडला होता, पुढे खुर्च्या, मागे गावकरी. भाषणं सुरू होण्याआधीच शेजारच्या वाडीतून एका पोरीला बैलगाडीतून आणलं. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा देत होती. बरोबर सासू. पोर आमच्या गाडीची पायरी चढेना. मांडवातल्या पुरुषांकडे बघून रडायला लागली.

"दार लावनार न्हवं?" तिने मला विचारलं.

"लावणार. तुझं सगळं आटपेपर्यंत उघडणार नाही," मी म्हटलं. तेव्हा ती आत आली.

बाळ धड आलं. मुलगा. पण बाळामागची वार आतच अडकली आणि रक्त थांबेना. वार सोडवायला माझा हात आत होता, नेमका तेव्हा दिवा फडफडला आणि गेला. खडबडीत रस्त्याने ती तसबीर लोणावळ्यापासून हिंदकळत आली होती आणि खिळ्याने आत वायरीचं रबर कापलं होतं. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या हाताखाली पोर चालली आहे आणि मला काही दिसत नाही. सासूला सांगितलं, मावशी, दारं उघडा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मीच लाथ मारून उघडली.

आतूनच ओरडले, पुरुषांनी पाठ फिरवा. मागचे शेतकरी एकजात फिरले, म्हातारेसुद्धा, कुणी मान वळवली नाही. आणि खुर्च्यांवरची शिकली-सवरलेली मंडळी "काय झालं, काय झालं" करत उठून थेट दाराशी आली. पडदा धरावा तर उजेड जात होता. पोरीने पदर तोंडावर ओढून घेतला आणि दातांत धरला. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही.

रक्त थांबलं. पोर वाचली, मूल वाचलं. व्यासपीठावर लगेच जाहीर झालं की पहिल्याच दिवशी गाडीने दोन जीव वाचवले. टाळ्या पडल्या. मला श्रीफळ द्यायला लागले, मी घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने वायर दुसऱ्या बाजूने नेली, कारण तसबीर हलवायची नाही असं ठरलं होतं. माणसांची लाज राहो न राहो, तसबिरीचा मान राहिला पाहिजे. आमची संस्था अशी.

त्या वाडीला मी गाडी घेऊन पुष्कळदा गेले. पोर मला दिसली की घरात जायची. मीही मग हाक मारायचं सोडलं.

तिच्या दुसऱ्या खेपेचं मला वडगावच्या बाजारात कळलं, सासूकडून. घरीच बाळंत झाली होती. या वेळीही वार अडकली, आणि पोर गेली. मी तिथेच भाजीच्या पाट्यांमध्ये उभी राहून त्या बाईवर तडकले. मावशी, निरोप का नाही धाडला? गाडी घेऊन मी धावत आले असते.

"म्या म्हनलं व्हतं, बाईला बोलवू," ती म्हणाली. "तीच न्हाई म्हनली. म्हनली, नगं, तितं दार उघडत्यात."