गाळलेली ओळ

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. घराची पुढची खोली हेच आमचं दुकान: मशीन त्यांचं, काजं-बटणं माझी. "तुमच्या मनाने शिवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या दारातूनच परत पाठवतात. म्हणतात, "हीच बया उद्या बाही लांब झाली म्हणून माझ्या उरावर बसेल."

अशी खमकी बाई प्रार्थनेतली एक ओळ गाळते, हे मला कळलं ते मी रविवारी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी उभी राहते म्हणून. प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणायची. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आलं की ताईंचे ओठ मिटायचे. रोजच्या भाकरीची ओळ आली की पुन्हा सुरू. पाळकांच्या बायकोला वाटायचं, किती तल्लीन होतात! तल्लीन कसल्या, अडून बसलेल्या असायच्या.

एकदा मी टोकलंच. "ताई, देवाशी भांडण आहे का तुमचं?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "तुझे दीर दवाखान्यात होते तेव्हा म्हटली होती ती ओळ. अगदी मनापासून. त्याने नेलं त्यांना. आता कोऱ्या कागदावर सही नाही देणार मी."

"मग रोज त्याच्याकडे मागता कशाला?"

"मागू नको तर जाऊ कुठे? दुसरं दार आहे का मला?"

माझं तोंड मेलं फाटकं. म्हटलं, "म्हणजे शिवायचं देवाने, पण माप तुमचंच!" त्यानंतर बाई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला दवाखान्यात गेली. बाळ सुखरूप आलं, पण तिचं रक्त थांबेना. भर दुपारी तिला ऑपरेशनला आत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करतोय." हे वाक्य आम्ही दिरांच्या वेळीही ऐकलं होतं. जावई बाळापाशी होते. बंद दारासमोर आम्ही दोघीच. ताई मटकन बाकावर बसल्या.

"तू म्हण प्रार्थना," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

मी ठणठणीत आवाजात सुरुवात केली. भरवसा कसा ठेवावा हे जगाला शिकवणारी ना मी! 'तुझे राज्य येवो'पर्यंत आले आणि अडले. ह्या पोरीला मी न्हाऊमाखू घातलंय. मला मूल नाही. तिच्यामुळे मला कधी ते जाणवलं नाही. पुढची, ताई गाळायच्या तीच ओळ काही केल्या म्हणवेना. देवाने ऐकलं आणि खरंच नेलं तर? अशी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आता टोमणा मारतील असं वाटलं. तसं काही नाही. त्यांनी माझा हात गच्च धरला आणि दाराकडे बघत, रडत, जवळजवळ ओरडूनच ती ओळ म्हटली. फरशी पुसणारी बाई पुसायची थांबली.

"पण माझी लेक मला हवीय," ताई पुढे म्हणाल्या. "तेही सांगून ठेवते तुला. ऐकतोयस ना?"

मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "हं, पुढचं म्हण."

पोर वाचली. पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं. ताईंनी ओळ म्हटली तेव्हा दार बंदच होतं.